निवृत्तीनंतर परदेशी राहायला जायचंय? रिटायरमेंट व्हिसाचा अर्ज असा करा

परदेशात जाऊन राहायचं एकदा मनात पक्कं झालं की बहुतेक लोक आधी घरं बघायला लागतात. हवा कशी आहे, भाडं किती, दवाखाना जवळ आहे का, ही चौकशी सुरू होते. ती हवीच, पण माझ्या मते ती दुसऱ्या क्रमांकावर. पहिला व्हिसा. तुमचे किती पैसे अडकून पडणार, वर्षातले किती महिने तिथे काढावेच लागणार, जोडीदाराला कोणत्या हक्काने राहता येणार, हे सगळं व्हिसाच्या अटी ठरवतात. घर त्यानंतरही मिळतं.

रिटायरमेंट व्हिसा म्हणजे नोकरीधंदा न करता, स्वतःच्या पैशावर दीर्घकाळ राहण्याची परवानगी. ती देताना त्या देशाला एवढंच बघायचं असतं की हा माणूस इथे काम शोधणार नाही ना, आजारी पडला तर सरकारी तिजोरीवर भार येणार नाही ना, आणि याच्या नावावर गुन्हे नाहीत ना. अर्जाला जोडायचा जवळजवळ प्रत्येक कागद यातल्याच एका शंकेचं उत्तर असतो. हे ध्यानात ठेवलं की कागदपत्रांची लांबलचक यादी पाहून घाबरायला होत नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. चांगली पेन्शन आणि स्वच्छ कागद असलेले अर्जही अडकतात, आणि ते बहुतेक वेळा तारखांमुळे अडकतात. दाखल्याची मुदत संपलेली असते, पैसे खात्यात उशिरा आलेले असतात, विमा चुकीच्या दिवसापासून सुरू झालेला असतो. म्हणून एक कॅलेंडर घ्या आणि पुढचं प्रत्येक पाऊल त्यावर लिहीत चला.

देश निवडताना व्हिसाचा प्रकार आधी बघा

सगळ्या देशांकडे असा व्हिसा नसतो. अमेरिका आणि कॅनडा यांच्याकडे निवृत्तांसाठी वेगळा व्हिसाच नाही. ब्रिटनचा होता, तो २००८ मध्ये बंद झाला. ऑस्ट्रेलियाने आपला गुंतवणूकदार निवृत्तांचा व्हिसा २०१८ मध्ये नव्या अर्जदारांसाठी बंद केला. न्यूझीलंडचा आहे, पण तो वयाच्या ६६ व्या वर्षापासून, दोन वर्षांसाठी, आणि त्यासाठी साडेसात लाख न्यूझीलंड डॉलरची गुंतवणूक, शिवाय पाच लाखांची वेगळी शिल्लक आणि वर्षाला साठ हजारांचं उत्पन्न दाखवावं लागतं.

जिथे व्हिसा आहे तिथे मुख्य प्रश्न असतो की ते तुमच्याकडे नेमकं काय मागतात. काही देशांना खरीखुरी पेन्शन लागते. पनामामध्ये महिना किमान १,००० अमेरिकी डॉलर, तीही तहहयात मिळणारी पेन्शन हवी, आणि जोडीदारासाठी वरचे २५० डॉलर. कोस्टा रिकाच्या पेन्शनधारक वर्गातही महिना १,००० डॉलरची तहहयात पेन्शन लागते. तुमचं उत्पन्न घरभाड्याचं किंवा व्याजाचं असेल, तर ते कितीही मोठं असलं तरी या खिडकीवर चालत नाही.

पोर्तुगालचा डी-७ व्हिसा याउलट. पेन्शन, भाडं, व्याज, लाभांश असं हातपाय न हलवता येणारं कोणतंही नियमित उत्पन्न तिथे धरलं जातं. किमान रक्कम त्या देशाच्या किमान वेतनाइतकी असते, २०२५ मध्ये महिना ८७० युरो. जोडीदारासाठी त्याच्या निम्मे आणखी. स्पेनचा असाच व्हिसा बराच वरच्या पट्टीतला आहे. तिथे आयप्रेम नावाचा सरकारी निर्देशांक असतो, त्याच्या चौपट उत्पन्न दाखवावं लागतं. महिना ६०० युरोच्या निर्देशांकावर ते २,४०० युरो होतं, आणि प्रत्येक अवलंबून व्यक्तीमागे आणखी ६०० युरो.

मलेशियाची ‘माय सेकंड होम’ योजना ठेवीवर चालते. तिचा इतिहास प्रत्येक इच्छुकाने वाचावा असा आहे. २०२१ मध्ये महिना उत्पन्नाची अट १०,००० रिंगिटवरून एकदम ४०,००० रिंगिटवर नेली गेली. २०२४ मध्ये योजना पुन्हा मोडून नव्याने बांधली, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम असे टप्पे आले आणि त्यातल्या सिल्व्हर टप्प्यालाही दीड लाख अमेरिकी डॉलरची मुदत ठेव आणि वर घर विकत घेण्याची अट लागली. तीन वर्षांत दोनदा पाया बदलला. त्यामुळे ओळखीच्या कुणी चार वर्षांपूर्वी काय केलं, हे ऐकून घ्या, पण निर्णय त्या देशाच्या इमिग्रेशन खात्याच्या किंवा वकिलातीच्या आजच्या पानावरूनच घ्या. ते पान तारखेसकट प्रिंट करून फाइलमध्ये लावा.

पर्यटक व्हिसावर जाऊन येऊन राहू, हा मार्ग कायमचा धरू नका. शेंगेन, म्हणजे एकच सामाईक व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांमध्ये बाहेरच्या पर्यटकाला कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. शिवाय मुदतीपेक्षा जास्त राहिल्याची एक नोंद पुढच्या खऱ्या अर्जाला कायमची चिकटते.

पैसे किती, यापेक्षा ते कुठून आले

रक्कम पुरेशी असली की काम झालं, असं वाटतं. अधिकारी मात्र तीन, सहा किंवा बारा महिन्यांचं बँक स्टेटमेंट उलटत जातो आणि मोठी जमा दिसली की तिथे बोट ठेवतो. घर विकलंत? खरेदीखत दाखवा. ठेव मोडलीत? बँकेचं पत्र दाखवा. मुलाने पाठवले? मग ते तुमचे की त्याचे, हा प्रश्न येणार, आणि पुष्कळ ठिकाणी अर्जदाराच्या स्वतःच्या उत्पन्नाखेरीज दुसरं काही धरत नाहीत. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खातं फुगवलेलं पटकन ओळखू येतं. रक्कम अगोदर आणून ठेवा आणि तिला स्थिर राहू द्या.

थायलंडचा नियम मी जरा सविस्तर सांगते, कारण तारखांचं गणित कसं असतं ते यातून नीट कळतं. तिथे वयाच्या पन्नाशीनंतर निवृत्त म्हणून राहता येतं. त्यासाठी थाई बँकेत ८ लाख बाट, किंवा महिना ६५,००० बाट उत्पन्न, किंवा दोन्ही मिळून वर्षाचे ८ लाख दाखवायचे. वर्षभराची मुदतवाढ मागताना ठेवीची रक्कम अर्जाआधी दोन महिने खात्यात असली पाहिजे. परवानगी मिळाल्यावर आणखी तीन महिने तिला हात लावायचा नाही. त्यानंतर काढता येते, पण शिल्लक ४ लाखांच्या खाली जाता कामा नये. खातं अर्जदाराच्या एकट्याच्या नावावर हवं.

आता हे कॅलेंडरवर मांडू. समजा तुमची परवानगी ३१ जुलैला संपते आणि तुम्ही १० जुलैला कार्यालयात जाणार. म्हणजे १० मेला पूर्ण ८ लाख जमा असायला हवेत. परदेशातून पैसे येताना मधली बँक आपलं शुल्क कापून घेते आणि हातात ७ लाख ९९ हजार पडतात, असं सर्रास होतं. म्हणून एप्रिलमध्येच थोडी जास्त रक्कम आणून ठेवायची. ऑक्टोबरअखेरपर्यंत ती विसरून जायची. नोव्हेंबर ते एप्रिल निम्मी रक्कम वापरता येईल, आणि पुढच्या मेच्या आत ती पुन्हा भरून काढायची. म्हणजे वर्षातला जवळपास निम्मा काळ ते पैसे तुमचे असूनही तुमच्या उपयोगाचे नाहीत. अचानक शस्त्रक्रिया निघाली तर त्यांना हात लावता येणार नाही. तेव्हा आजारपणाचा पैसा या ठेवीच्या बाहेर, वेगळा ठेवायचा. इतर देशांचे आकडे वेगळे असतील, हिशेबाची रीत हीच.

विनिमय दराचीही दखल घ्या. उत्पन्न एका चलनात आणि अट दुसऱ्या चलनात असेल, तर किमान रकमेच्या अगदी काठावर अर्ज करू नका. आज बसतं, नूतनीकरणाच्या वेळी दर घसरलेला असतो आणि अट तोवर वाढलेली असते. निदान वीस-पंचवीस टक्के जास्त असेल तरच त्या देशाचा विचार करा, असं मी सांगेन.

कागदपत्रं: उलट्या क्रमाने मोजत या

पासपोर्टपासून सुरुवात करा. मुदत दीड-दोन वर्षांपेक्षा कमी उरली असेल तर आधी नवा करून घ्या, कारण पुष्कळ देश पासपोर्टच्या मुदतीपलीकडे राहण्याची परवानगी देतच नाहीत. मग पासपोर्टवरचं नाव, जन्मदाखल्यावरचं, विवाह नोंदणीवरचं आणि पेन्शनच्या आदेशावरचं नाव एका कागदावर एकाखाली एक लिहून काढा. एखादं अक्षर वेगळं, मधलं नाव गायब, लग्नाआधीचं आडनाव, जे निघेल त्याची नोंद करा. शक्य असेल तिथे मूळ कागदच दुरुस्त करून घ्या, नसेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं शपथपत्र करा. हे काम कंटाळवाणं आहे आणि यातच महिने जातात, म्हणून सगळ्यात आधी हाती घ्या.

पोलिसांच्या चारित्र्य दाखल्याचं उलट आहे. तो लवकर काढून ठेवला की फुकट जातो, कारण त्याची ग्राह्यता साधारण तीन ते सहा महिनेच असते. काही देश गेल्या पाच वर्षांत तुम्ही जिथे जिथे राहिलात त्या प्रत्येक देशाचा दाखला मागतात. मुलांकडे वर्षभर राहून आला असाल तर तिकडचाही लागू शकतो, आणि दुसऱ्या देशातून बोटांचे ठसे पाठवून दाखला मागवायला वेळ लागतो.

मग येतं अपॉस्टिल. ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग करारात सामील असलेले देश एकमेकांचे सरकारी कागद या शिक्क्यावर मान्य करतात. दोन्हीपैकी एक देश करारात नसेल, तर आधी आपल्या परराष्ट्र खात्याचं आणि मग त्या देशाच्या वकिलातीचं असं दुहेरी साक्षांकन करावं लागतं. सदस्यांची यादी वाढत असते. चीन नोव्हेंबर २०२३ मध्ये आला, कॅनडा जानेवारी २०२४ मध्ये. त्यामुळे जुन्या अनुभवावर विसंबू नका.

इथे क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी मूळ दाखला, मग त्यावर अपॉस्टिल, आणि सगळ्यात शेवटी भाषांतर. असं का, तर अपॉस्टिलवरचा मजकूरही भाषांतरात यावा लागतो. भाषांतर आधी केलं तर ते पुन्हा करावं लागतं आणि तोवर दाखला शिळा होतो. भाषांतरकारही कोणताही चालत नाही. स्पेनला तिथल्या सरकारने नेमलेला शपथबद्ध भाषांतरकार लागतो.

आता कॅलेंडरवर वकिलातीतल्या अपॉइंटमेंटच्या दिवसापासून मागे मोजा. भाषांतराला दोन आठवडे, अपॉस्टिलला दोन ते चार, दाखला मिळायला तीन-चार. म्हणजे चारित्र्य दाखल्याचा अर्ज साधारण अडीच महिने आधी करायचा. त्याहून आधी नको, फार नंतर नको. जन्म आणि विवाहाचे दाखले मात्र काही देशांना ‘अलीकडे दिलेले’ लागतात. चाळीस वर्षांपूर्वीचा मूळ दाखला घरात जपून ठेवलेला असतो, तो चालत नाही, नोंदणी कार्यालयातून नवी प्रत घ्यावी लागते.

प्रत्येक कागदाच्या दोन झेरॉक्स आणि एक स्कॅन ठेवा. मूळ कागद विमानात सामानाच्या बॅगेत टाकू नका.

विमा आणि वैद्यकीय तपासणी

वयस्कर अर्जदारांना पैशापेक्षाही हा टप्पा जास्त जड जातो, म्हणून घर पाहण्याच्या आधी विम्याचं कोटेशन मागवा. सत्तरीच्या आसपास अनेक कंपन्या नवी पॉलिसी देत नाहीत. मधुमेह, रक्तदाब, जुना हृदयविकार असेल तर तो आजार वगळून पॉलिसी देतात. व्हिसापुरती ती चालेल, पण ज्यासाठी रुग्णालयात जाल नेमकं तेच तिच्यात नसेल. असं असेल तर तिथल्या एखाद्या मोठ्या रुग्णालयात आपल्या आजाराचा वर्षाचा खर्च किती येतो, हे पत्र लिहून विचारा आणि तेवढी रक्कम दरवर्षीच्या खर्चात धरा. आजार लपवून पॉलिसी घेऊ नका. दावा फेटाळला जाईल तेव्हा तुम्ही परक्या देशात, रुग्णालयाच्या खाटेवर असाल.

अटी बारकाईने वाचा. स्पेनला अशी पॉलिसी लागते की जिच्यात उपचाराच्या वेळी रुग्णाला स्वतःचा हिस्सा भरावा लागत नाही आणि संरक्षण पहिल्या दिवसापासून सुरू होतं. प्रवास विमा तिथे चालत नाही. थायलंडच्या निवृत्तांसाठीच्या ‘ओ-ए’ नावाच्या व्हिसाला एक लाख अमेरिकी डॉलर किंवा तीस लाख बाट संरक्षण लागतं, तर तिथल्याच नॉन-ओ व्हिसावर निवृत्तीची मुदतवाढ घेताना विम्याची तशी अट नाही. एकाच देशात दोन वाटा असू शकतात, आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसाचा निर्णय केवळ या एका फरकावर होऊ शकतो.

डॉक्टरचा दाखला मागितला असेल तर त्यातला मजकूर वकिलातीने दिलेलाच हवा. स्पेनसाठी २००५ च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांचा उल्लेख असलेलं वाक्य लागतं. डॉक्टरकडे जाताना तो मजकूर छापून न्या, म्हणजे ‘प्रकृती ठणठणीत आहे’ एवढंच लिहिलेला कागद घेऊन परत यावं लागणार नाही.

राहण्याचा पत्ता

काही देश अर्जासोबतच भाडेकरार मागतात. व्हिसा नाकारला गेला तर करार रद्द होईल असं कलम त्यात घालून घ्या, किंवा परवानगी असेल तर पहिल्या काही महिन्यांचं आरक्षण दाखवा. पहिल्या वर्षी घर विकत घेऊ नका.

अर्ज, सोबतचं पत्र आणि मुलाखत

फॉर्म भरताना प्रत्येक रकाना भरा, लागू नसेल तिथे तसं लिहा. ‘व्यवसाय’ या रकान्यात निवृत्त असंच लिहायचं. पूर्वीचं पद लिहिलं की तुम्ही अजून काम करता असा अर्थ निघतो. निवृत्तीनंतर सल्लागार म्हणून किंवा घरून संगणकावर थोडंफार काम करत असाल तर थांबा आणि विचार करा. स्पेनच्या या व्हिसावर घरबसल्या परदेशी कंपनीसाठी केलेलं कामही कामच धरून अर्ज नाकारले गेले आहेत. थायलंडमध्येही निवृत्त म्हणून राहताना काम करायला मनाई आहे. काम सोडायचं नसेल तर तुमच्यासाठी वेगळा व्हिसा आहे, हा नाही.

सोबतचं पत्र फार लोक हलक्यात घेतात. मला ते फाइलमधलं सर्वांत उपयोगी पान वाटतं, कारण अधिकारी ते वाचून बाकीचे कागद शोधतो. त्या देशाच्या सौंदर्याची स्तुती त्यात नको. एका पानात, असं:

‘मी ६३ वर्षांची असून २०२१ मध्ये शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाले. मला दरमहा १,४५० युरोइतकी तहहयात पेन्शन मिळते (जोडपत्र ४). माझ्या मालकीच्या घराचं भाडं दरमहा ६०० युरोइतकं येतं (जोडपत्र ५ आणि ६). १२ मार्चला खात्यात दिसणारी मोठी जमा ही मुदत ठेव पूर्ण झाल्याची आहे (जोडपत्र ७). सोबत माझे पती येणार आहेत, ते माझ्या उत्पन्नावर अवलंबून आहेत (जोडपत्र ८). मी तिथे कोणतंही काम करणार नाही.’

बघा, जी शंका येणार ती आधीच उचलून तिचं उत्तर कोणत्या पानावर आहे हे सांगितलंय. जोडपत्रांना हाताने ठळक क्रमांक घाला आणि त्याच क्रमाने लावा.

मुलाखत झालीच तर ती साधी असते. हाच देश का, खर्च कसा भागवणार, कुटुंब कुठे आहे. खरं आणि थोडक्यात सांगा. नवरा-बायको दोघांचे अर्ज असतील तर आकडे दोघांनाही माहीत असू द्या. अनेक घरांत पैशाचं एकालाच ठाऊक असतं, आणि दुसऱ्याला विचारल्यावर वेगळंच उत्तर येतं.

व्हिसा हाती आला, पण काम संपलेलं नाही

बऱ्याच देशांत पासपोर्टवरचा शिक्का हा फक्त आत येण्याचा परवाना असतो, राहण्याचं कार्ड तिथे गेल्यावर वेगळं घ्यायचं असतं. पोर्तुगालचा डी-७ चार महिने आणि दोन प्रवेशांपुरता असतो. तेवढ्या काळात आइमा या तिथल्या इमिग्रेशन खात्यात जाऊन ठसे द्यायचे, मग दोन वर्षांचं कार्ड मिळतं. स्पेनमध्ये पोहोचल्यापासून एका महिन्याच्या आत ओळखपत्राची प्रक्रिया सुरू करायची. तिथे उतरल्यावर ‘आधी थोडं स्थिरस्थावर होऊ’ म्हणत पहिला महिना घालवू नका.

थायलंडमध्ये तर सतत सलग ९० दिवस राहिलात की पत्ता कळवावा लागतो. तो पंधरा दिवस आधीपासून सात दिवस नंतरपर्यंत कळवता येतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पुनःप्रवेश परवाना. मुदतवाढ हातात असताना तो न काढता देशाबाहेर पडलात, भले दोन दिवसांसाठी, तर तुमची राहण्याची परवानगी तिथेच संपते आणि सगळं पहिल्यापासून. एका फेरीचा परवाना १,००० बाट, वर्षभरातल्या कितीही फेऱ्यांचा ३,८००. घरी कुणी आजारी पडलं की माणूस मिळेल ते विमान पकडतो, त्या घाईत परवाना काढायचं सुचत नाही. म्हणून कितीही फेऱ्यांचा परवाना मुदतवाढीच्या दिवशीच काढून ठेवावा.

बाहेर किती दिवस राहता येईल यालाही मर्यादा असते. पोर्तुगालच्या तात्पुरत्या कार्डावर कार्डाच्या मुदतीत सलग सहा महिने किंवा तुटक मिळून आठ महिन्यांपेक्षा जास्त गैरहजर राहिलात तर सबळ कारण दाखवावं लागतं. अर्धं वर्ष इकडे, अर्धं तिकडे असा बेत असेल तर हा आकडा देश निवडतानाच बघायला हवा होता.

मागे राहिलेल्या कामांचंही बघा. पेन्शन देणारे दरवर्षी हयातीचा दाखला मागतात. तो परदेशातून कसा द्यायचा, वकिलातीत जावं लागतं की ऑनलाइन चालतं, ते निघण्यापूर्वीच विचारा. बँकेचे ओटीपी ज्या मोबाइल नंबरवर येतात तो नंबर परदेशात चालू राहील याची सोय करा. हा नंबर बंद पडला की स्वतःच्याच पैशापर्यंत पोहोचता येत नाही.

कर

वर्षातले १८० किंवा १८३ दिवस एखाद्या देशात काढले की बहुतेक ठिकाणी तुम्ही करासाठी तिथले रहिवासी ठरता. व्हिसा कोणता आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. थायलंडने १ जानेवारी २०२४ पासून रहिवाशांनी बाहेरून आणलेल्या उत्पन्नाबाबत नियम कडक केले. पोर्तुगालची नव्या रहिवाशांसाठीची गाजलेली करसवलत २०२४ पासून नव्या लोकांना बंद झाली, तरी तिचे गोडवे गाणारे जुने लेख अजून फिरतात. दोन देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार आहे का आणि त्यात पेन्शनवर कर कुठे लागतो, हे एकदा पैसे मोजून कर सल्लागाराकडून लेखी घ्या.

जोडीदाराचं काय

यावर लोक बोलायला टाळतात, पण मला हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. साधारणपणे एक मुख्य अर्जदार असतो आणि दुसरा त्याच्यावर अवलंबून. मुख्य अर्जदार गेला की अवलंबून असलेल्याची राहण्याची परवानगीही धोक्यात येते. अशा दिवसांत, एकटीने किंवा एकट्याने, परक्या भाषेत, मुदत मोजत अर्ज करायची वेळ येते. शिवाय ठेव गेलेल्या माणसाच्या एकट्याच्या नावावर असेल तर वारसाचे कागद होईपर्यंत बँक ते खातं गोठवते.

म्हणून दोघंही वयाच्या आणि पैशाच्या अटीत बसत असाल तर दोघांनी स्वतंत्र अर्ज करावेत. पैसे जास्त अडकतील, पण कुणाचं राहणं दुसऱ्याच्या श्वासावर अवलंबून राहणार नाही. ते जमत नसेल तर अर्जाआधीच त्या देशाच्या इमिग्रेशन खात्याला विचारा: मुख्य अर्जदाराच्या निधनानंतर जोडीदाराला किती दिवस राहता येतं आणि स्वतःच्या नावावर परवानगी मिळवायला काय लागतं? कुटुंब पेन्शन किती मिळेल तो आकडाही आजच काढा, आणि तेवढ्या रकमेत त्या देशाची अट पुरी होते का ते बघा. होत नसेल, तर जोडीदाराच्या नावावर स्वतंत्र ठेव आत्ताच करून ठेवा.

तिथल्या मालमत्तेसाठी तिथल्या कायद्याप्रमाणे वेगळं इच्छापत्र करा आणि नव्या इच्छापत्राने जुनं रद्द होणार नाही अशी वाक्यरचना वकिलाकडून करून घ्या. मायदेशातल्या कामांसाठी विश्वासातल्या माणसाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून निघा. उपचारांबद्दल तुमची इच्छा काय, हेही लिहून मुलांना द्या.

एजंट घ्यायचा का

मलेशियासारख्या काही योजनांत परवानाधारक एजंटामार्फतच अर्ज होतो. बाकी ठिकाणी भाषा येत नसेल तर मदत जरूर घ्या, पण कागद तुमचे तुम्ही वाचा. ‘बँकेत पैसे नसले तरी आम्ही दाखवून देतो’ असं कुणी म्हणालं की तिथून उठा. तशी नोंद नंतर उघड झाली तर शिक्का रद्द होतो, प्रवेशबंदी येते, आणि हे सगळं तुमच्या नावावर, एजंटाच्या नाही.

नकार आला तर

आधी नकाराचं लेखी कारण घ्या. तोंडी सांगितलेल्यावर काही करू नका. दाद मागण्याची मुदत पत्र मिळाल्यापासून मोजली जाते आणि ती लहान असते, स्पेनमध्ये फेरविचाराच्या अर्जाला एक महिना. कारण कागदाचं असेल, म्हणजे दाखला शिळा किंवा भाषांतर अमान्य, तर अपिलात वेळ घालवण्यापेक्षा नवा अर्ज बहुतेकदा लवकर होतो. कारण उत्पन्नाच्या स्वरूपाचं असेल तर तोच अर्ज पुन्हा देऊन उत्तर बदलत नाही, दुसरा वर्ग किंवा दुसरा देश बघावा लागतो. पुढच्या कोणत्याही देशाच्या फॉर्मवर ‘यापूर्वी व्हिसा नाकारला गेला आहे का’ हा प्रश्न आला तर ‘होय’ लिहा आणि नकाराच्या पत्राची प्रत जोडा.